हँडल शेवटपर्यंत भाडेकरूच होता

"लंडनच्या ब्रूक स्ट्रीटवर हँडलने विकत घेतलेलं २५ नंबरचं घर" हे हँडलच्या घराबद्दलच्या तुमच्या लेखातलं वाक्य दुरुस्त करायला हवं. मूळचा जर्मन असलेला हा संगीतकार तिथे १७२३ मध्ये राहायला आला आणि १७५९ मध्ये त्याच घरात वारला. पण छत्तीस वर्षं तो भाडेकरूच होता. परदेशी माणसाला तेव्हा मालमत्ता विकत घेता येत नसे, म्हणून सुरुवातीला भाडं. १७२७ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व मिळालं तरी स्वारीने घर घेतलं नाहीच! पैसा नव्हता म्हणावं तर तसंही नाही. शेजारच्या २३ नंबरमध्ये वरच्या मजल्यावर १९६८-६९ मध्ये राहिलेला अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सही भाड्यानेच. म्हणजे ही घरांची जोडी गाजवली ती दोन भाडेकरूंनी, हे लिहायचं राहून गेलं.

खोल्यांबद्दल मात्र लेखात फारच थोडं आहे. मुलीकडे लंडनला गेले होते तेव्हा या घरांचं आता झालेलं संग्रहालय पाहिलं. दर मजल्यावर पुढे एक खोली, मागे एक, आणि कडेने जिना. हँडलचं घर अरुंद आणि उभं, आपल्या वाड्यासारखा चौक वगैरे काही नाही. पहिल्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत त्याच्या तालमी चालत. 'मसाया' ही त्याची गाजलेली धार्मिक गायनरचनाही १७४१ मध्ये याच घरात लिहिली गेली. एवढ्याशा जागेत हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य), गायक, वादक आणि वर हँडलचा तो प्रसिद्ध अवाढव्य देह, सगळं मावायचं कसं कोण जाणे. माझे गुडघे तर जिन्यावरच बोलू लागले होते.