दानाची मुदतठेव

कापूस विकला गेला की आमच्या गावात दोन प्रकारची माणसं हमखास दारात येतात, उधारी मागणारी आणि वर्गणी मागणारी. उधारीवाल्याला ‘पुढच्या हंगामात पाहू’ म्हणता येतं. मी ते मोठ्या निष्ठेनं म्हणत आलोय. वर्गणीवाल्याला तसं म्हणायला मात्र तत्त्वज्ञान लागतं. ते यंदा भाच्यानं पुण्याहून पुरवलं.

“मामा, दहा हजार आत्ताच कशाला देता? सात टक्क्यांनी ठेवा. दहा-साडेदहा वर्षांत दुप्पट. मग वीस द्या.”

वर त्यानं अमेरिकेचा जुना मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याचा दाखला दिला. हा गृहस्थ १७९० मध्ये वारला तेव्हा बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी हजार पौंड ठेवून गेला. अट अशी, की हिशेब २०० वर्षांनी पुरता मिटवायचा. १९९० मध्ये एकट्या बोस्टनचे जवळपास पन्नास लाख डॉलर झाले होते. मधल्या काळात तो पैसा तरुण कारागिरांना कर्जाऊ द्यायचा होता, हे भाच्यानं फोन ठेवता ठेवता सांगितलं.

मी खूश. इतकं कमी देऊन इतकं उदार वाटायची सोय आजवर कोणी केली नव्हती.

तेवढ्यात शेजारची मजुरी करणारी बाई आली. पोरीचा नर्सिंगला नंबर लागला होता, फी भरायची होती. मी चक्रवाढ व्याज समजावायला घेतलं. आमच्या सौ. आतूनच म्हणाल्या, “दहा वर्षांनं तिची पोरगीच येईन नर्सिंगले. तवा देजा दोघींची.”

खरं तर गरजेलाही व्याज चढतं, हे विदर्भात कुणी शिकवावं लागू नये. १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं ते कुष्ठरोग्यांसाठी. आज त्या रोगावर सहा महिने ते वर्षभराचं औषध आहे. पण उशीर झाला तर औषधानं रोग जातो, गेलेली बोटं परत येत नाहीत. फ्रँकलिनच्या हिशेबात हा रकाना नव्हता.

पण घाईचंही सगळंच गोड नाही. आमच्या पवनारचे विनोबा तेलंगणात फिरत असताना, १८ एप्रिल १९५१ला, पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी उभ्या उभ्या शंभर एकर दिले आणि भूदान सुरू झालं. पुढं देशभरातून मिळालेल्यातली बरीच जमीन पडीक नाहीतर वादातली निघाली. म्हणजे पाहून द्यावं, एवढं भाच्याचं मान्य. पाहायला दहा वर्षं लागत नाहीत, एक चक्कर पुरते.

शिवाय माझी मुदतठेव मी ओळखून आहे. मुदत भरायच्या आधीच मोटार जळते, तुरीवर अळी पडते, साळ्याच्या पोराचं लग्न निघतं. दान रांगेत उभं असतं आणि रांग मीच मोडत असतो.

हे सगळं बोलून झाल्यावर सौ.नी विचारलं, “त्या फ्रँकलिनच्या घरी बायको नोती काय?”

मोबाइलवर पाहिलं. ती १७७४ मध्येच वारली होती.

“म्हनूनच जमलं त्याले,” त्या म्हणाल्या आणि पासबुकासाठी हात पुढे केला.