म्हणे चांगलं गाणं आपोआप पोचतं

एक पोस्ट सध्या जिकडेतिकडे फॉरवर्ड होतेय. टीव्हीवरचे गाण्याचे रिॲलिटी शो संपले, आता कोणीही गाणं अपलोड करू शकतं, चांगलं असेल तर ते पोचतंच, आणि शो काढायचाच तर जज हाकला, ज्याचे स्ट्रीम्स (ऑनलाइन गाणं ऐकलं गेल्याचा आकडा) जास्त तो विनर. वाचायला भारी वाटतं, पण एकेक मुद्दा घेऊ.

शो संपले? अमेरिकन आयडॉल फॉक्सने २०१६ ला बंद केला खरा, पण २०१८ ला एबीसीवर परत आला. ब्रिटनच्या एक्स फॅक्टरचा नेहमीचा सीझन मात्र २०१८ नंतर झालाच नाही (२०१९ ला सेलिब्रिटींना घेऊन काहीतरी केलं, ते सोडा). म्हणजे अर्धं खरं.

अपलोड कोणीही करू शकतं, बरोबर, आणि गोची तिथेच आहे. रोज लाखाच्या आसपास नवीन ट्रॅक येऊन पडतात, त्या ढिगातून मागे लेबल (म्युझिक कंपनी) नसलेल्या पोराचं गाणं कोण शोधून काढणार? वर २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम, मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम्स नसतील तर त्या ट्रॅकच्या रेकॉर्डिंगचा एक पैसाही मिळत नाही. शोमध्ये काय व्हायचं, लाखो लोक एकाच वेळी एका अनोळखी माणसाचं गाणं स्किप न करता ऐकायचे. अपलोडच्या बटणात ते नाहीये.

आता स्ट्रीम्स म्हणजेच मत. अहो, स्ट्रीम्स विकत मिळतात, बॉट (आपोआप गाणं वाजवणारे प्रोग्राम) लावून वाढवता येतात! आणि साध्या मतदानातही काय होतं ते कोरियाच्या प्रोड्यूस १०१ या शोने दाखवलंय, तिथे मतं फिरवली खुद्द शोवाल्यांनीच, २०१९ ला प्रोड्यूसरला अटक झाली आणि पुढच्या वर्षी तुरुंगवासाची शिक्षा.

बरं, पब्लिकचं मत अगदी स्वच्छ मोजलं तरी? गायिका जेनिफर हडसन २००४ ला अमेरिकन आयडॉलमध्ये सातवी आली, २००७ ला हातात ऑस्कर. पुढे जगभर गाजलेला वन डायरेक्शन हा ग्रुप २०१० ला एक्स फॅक्टरमध्ये तिसरा, आणि तो ग्रुपच मुळात एकेकटे बाद झालेल्या पोरांना जजेसनी एकत्र करून बनवला होता, म्हणजे जज हाकलले असते तर तो ग्रुप झालाच नसता. मला तर दर आठवड्याला एकाला घरी पाठवायचा प्रकारच जुनाट वाटतो.

नेटफ्लिक्सने २०१९ ला रिदम प्लस फ्लो या रॅपच्या शोमध्ये निदान एक गोष्ट बरी केली, रॅपर्सना स्वतःची गाणी करायला लावली, विनरला अडीच लाख डॉलर. नाहीतर महिनोन्महिने दुसऱ्यांची गाणी गायची आणि फिनाले झाल्यावर स्वतःचं म्हणावं असं एक गाणं नाही, अशी गत होते.

आणि पोस्टमध्ये कराराचा क सुद्धा नाही. गाण्याचं मास्टर (मूळ रेकॉर्डिंग) कोणाच्या नावावर, विनर किती वर्षं बांधला जाणार, हारलेल्यांचं काय, हा कागद ऑडिशनच्या आधी वाचायला मिळणार का? ते कोणी सांगत असेल तर नव्या शोबद्दल बोलू.