नव्या संघाला सुरुवातीला कुणाशी खेळवायचं?

म्हापशाच्या मामेभावाशी फोनवर बोलताना आमचं गाडं एकाच जागी अडतं. रणजीत दुबळ्या संघांना वेगळ्या गटात ठेवावं, की मुंबई-कर्नाटकाबरोबर एकत्र खेळवावं? त्याचं मत पक्कं आहे: 'मोठ्यांचा मार खाल्ल्याशिवाय कुणी शिकत नाही रे.' इथे अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या लुईव्हिलमध्ये दर उन्हाळ्यात हाच वाद ऐकू येतो, फक्त खेळ बास्केटबॉल असतो. विद्यापीठाचा संघ नव्याने बांधायला घेतलाय, तर कॉन्फरन्सबाहेरचे, म्हणजे विद्यापीठांच्या आपल्या ठरलेल्या गटाबाहेरचे, सामने किती तगडे घ्यायचे?

मीही आधी भावाच्याच बाजूचा होतो. २०२२ च्या नोव्हेंबरनंतर राहिलो नाही.

एक फरक आधी सांगायला हवा. रणजीचा गट मंडळ ठरवतं, खेळाडूंना त्यात काही म्हणता येत नाही. इथे लुईव्हिल ज्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये आहे, तिने तेव्हा वीस सामने ठरवून दिलेले असायचे. उरलेल्या अकराएक सामन्यांपैकी बहुतेकांचे प्रतिस्पर्धी विद्यापीठ स्वतः निवडतं. लहान कॉलेजांना पैसे मोजून आपल्या मैदानावर बोलावतं, मोठ्यांशी करार करतं. म्हणजे पोरांच्या ताटात काय वाढायचं, हे मोठी माणसं आपल्या हाताने ठरवतात. म्हणून जबाबदारीही त्यांचीच.

त्या वर्षी केनी पेन नवे प्रशिक्षक होते. सुरुवातीचे तीन सामने घरच्या मैदानावर: बेलर्माइनकडून ६६-६७, राइट स्टेटकडून ७२-७३, अ‍ॅपलाचियन स्टेटकडून ६०-६१. तिन्ही हार एकेका गुणाने. बेलर्माइन तर याच शहरातलं कॉलेज, कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या विभागात आलं तेच २०२० मध्ये. गावभर हळहळ झाली, पण माझ्या मते हे तीन सामने अगदी योग्य होते. जिंकता येण्याजोगे होते, आपल्या चुकांनी हरलो, आणि प्रत्येक चूक दुसऱ्या दिवशी सरावात दाखवून देता आली असती.

पण सरावाला वेळ होता कुठे? संघ विमानाने हवाईतल्या माउई बेटावर स्पर्धेला गेला. अशा स्पर्धांची निमंत्रणं खूप आधी ठरलेली असतात, मान्य. तिथे ओळीने तीन दिवस तीन सामने: आर्कान्सॉकडून ५४-८०, टेक्सास टेककडून ३८-७०, सिनसिनाटीकडून ६२-८१. चाळीस मिनिटांत अडतीस गुण! परत आल्यावर लगेच मेरिलँड.

मेरिलँडच्या सामन्याला मी मुलीला घेऊन गेलो होतो. बावीस हजार खुर्च्यांचं यम सेंटर, वरचे मजले ओस. उत्तरार्धात आपला एक पोरगा कोपऱ्यात एकटाच उभा होता. चेंडू हातात, जवळपास कुणी नाही. त्याने बास्केटकडे पाहिलं, खांदे आखडले आणि चेंडू दुसऱ्याकडे देऊन टाकला. मुलीने विचारलं, 'बाबा, त्याने टाकला का नाही?' पंचवीस गुणांनी हरलो त्या रात्री. गुणफलक मी विसरलो असतो, ते आखडलेले खांदे विसरलो नाही.

मोठी हार हे शिकवते. चुकायची भीती शिकवते.

भावाला मी मेघालयचं उदाहरण देतो. प्लेट गटातून, म्हणजे रणजीच्या दुबळ्या संघांच्या गटातून, वर आलेला संघ २०२५ च्या जानेवारीअखेरीस मुंबईशी खेळला. पहिल्या डावात ६ बाद २ अशी अवस्था, शेवटी एक डाव आणि ४५६ धावांनी पराभव, आणि पुढच्या मोसमात परत प्लेट. त्यातून शिलाँगच्या पोरांनी काय नेलं असेल? यावर तो पर्वरीचा सामना काढतो. २०२४ च्या नोव्हेंबरात प्लेट गटात गोव्याने अरुणाचलविरुद्ध २ बाद ७२७ केल्या, स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले दोघांचीही त्रिशतकं. त्याला सार्थ अभिमान आहे आणि मलाही आहे. पण अरुणाचल ८४ आणि ९२ वर आटोपलं. नोव्हेंबर महिना अशाच संघांनी भरला तर जिंकणारा तरी किती घडणार? तेव्हा नुसते सोपे सामने घ्या, असं माझं म्हणणं मुळीच नाही.

इथले मित्र लगेच पेननंतर आलेल्या प्रशिक्षकाचं, पॅट केल्सींचं नाव घेतात. २०२४-२५ मध्ये त्यांचा जवळपास सगळा संघ नवा होता. दुसऱ्याच सामन्यात टेनेसीने घरात येऊन ७७-५५ ने झोडपलं, तरी मोसम २७-८ असा संपला. खरं आहे. पण तो संघ नवा होता, कच्चा नव्हता. चकी हेपबर्न विस्कॉन्सिनमध्ये तीन वर्षं खेळून आलेला, रेन स्मिथ चार्ल्सटनमध्ये केल्सींच्याच हाताखाली तयार झालेला. ही मंडळी मोठ्या हारी आधीच पचवून आली होती. शिवाय त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत चांगली जागा हवी होती, आणि तिथे कुणाला हरवलं याला फार वजन असतं. एवढे विजय मिळवूनही आठवंच मानांकन मिळालं आणि पहिल्याच फेरीत क्रेटनकडून हरले. अशा संघाने तगडे सामने घेतलेच पाहिजेत. १९ वर्षांच्या पोरांच्या संघाला तोच नियम लावू नये.

माझ्या हातात असतं तर पहिल्या वर्षी सुरुवातीचे चार-पाच सामने घरीच, मधल्या फळीतल्या, हरवू शकतील अशा कॉलेजांशी ठेवले असते, आणि दोन सामन्यांमध्ये सरावाचे तीन दिवस. डिसेंबरात एक-दोन बलाढ्य संघ. राज्यातल्याच केंटकी विद्यापीठाशी सामना तर हवाच, तो सोडला तर लोक माफ करणार नाहीत. बेटावरची तीन दिवसांची स्पर्धा मात्र नको. हरलेल्या संघाला सराव हवा असतो, आणि तिथे उजाडलं की पुढचा सामना उभा असतो.

त्या वर्षी नऊ हारींनंतर, १४ डिसेंबरला, वेस्टर्न केंटकी आलं. दोन तासांच्या अंतरावरचं विद्यापीठ, आपल्या तोडीचं. ९४-८३ ने जिंकलो. मुलगी पुन्हा माझ्याबरोबर होती. तोच पोरगा तशाच कोपऱ्यात मोकळा सापडला आणि या वेळी त्याने चेंडू टाकला. चुकला. थोड्या वेळाने पुन्हा मोकळा झाला, पुन्हा टाकला. मुलगी माझ्या आधी उठून उभी राहिली.