आई-बाबांना परदेशी पाठवताय? आधी त्यांच्या फोनमध्ये नकाशा उतरवा

आज सकाळी शेजारच्या काका-काकूंसोबत नाशिकच्या कॉलेज रोडवर एका ट्रॅव्हलवाल्याकडे गेले होते. दोघं लेकीकडे हॉलंडला निघालेत. काउंटरवरचा मुलगा ठामपणे म्हणाला, "काकू, रोमिंगचा मोठा पॅक घ्यावाच लागेल. नेट नसलं की जीपीएस बंद पडतं." काकूंचा चेहरा उतरला, काकांनी मुकाट्याने पाकीट काढलं. घरी येऊन जेवण झालं तरी माझा संताप जात नाहीये.

अरे, जीपीएसला नेट लागत नाही! वीस हजार किलोमीटर वरून उपग्रह सिग्नल सोडत असतात. आपला फोन तो नुसता ऐकतो आणि निदान चार उपग्रह सापडले की आपण कुठे आहोत ते काढतो. त्याला सिम लागत नाही, पैसे लागत नाहीत, बहुतेक फोनवर फ्लाइट मोडमध्येसुद्धा ते चालतं. नेट लागतं ते खालचा नकाशा दिसायला. तो घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवता येतो. म्हाताऱ्या माणसांना घाबरवून पैसे काढायचे, याला धंदा म्हणायचं का?

मला राग येतो कारण आमच्या आत्याचं काय झालं ते मी विसरू शकत नाही. ती मुलाकडे श्टुटगार्टला गेली होती. संध्याकाळी चक्कर मारायला म्हणून एकटीच निघाली आणि दोन वळणांनंतर सगळी घरं सारखीच दिसायला लागली. फोन काढला, तर त्यात निळा ठिपका बरोबर होता, पण खाली नुसता करडा पडदा. रस्ता नाही, नाव नाही. आपण कुठे आहोत हे फोनला माहीत होतं, तिला नाही. थंडीत बसस्टॉपवर बसून राहिली बिचारी. शेवटी एका दुकानदाराने तिच्या मुलाला फोन लावून दिला.

आणि ही बाई कोण, तर पंचवटीत वाढलेली! २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर चुकलेल्या बायाबापड्यांना हाताला धरून नेणारी. त्या संध्याकाळनंतर ती तिथे एकटी उंबऱ्याबाहेर पडली नाही. उरलेला सगळा मुक्काम खिडकीशी.

म्हणून आता बोलते ते त्या ट्रॅव्हलवाल्याला नाही, परदेशातल्या मुलामुलींना. "आम्ही आहोत ना, एकटं कुठे जायचंय तुम्हाला?" हे वाक्य बंद करा. तुम्ही दिवसभर ऑफिसात असता. त्यांना दूध आणायला, बागेत बसायला, देऊळ शोधायला एकटं जाता आलं पाहिजे. तिकिटाचे पैसे भरता, विमा काढता, मग फोन हातात घेऊन नकाशा उतरवायला काय होतं?

गुगल मॅप्समध्ये वर आपल्या फोटोवर दाबलं की ऑफलाइन नकाशांचा पर्याय येतो, तिथून त्या शहराचा चौकोन निवडायचा. पण तिथेही एक गोम आहे: नेटशिवाय गुगल गाडीचा रस्ता सांगतं, पायी चालायचा नाही. आणि आपले आई-बाबा चालणारच आहेत! त्यासाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड हे अ‍ॅप घ्या. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरातली साधी माणसं स्वतः फिरून भरतात. पायवाटा, बाकडी, पाण्याचे नळसुद्धा त्यात सापडतात. लेकीच्या घरावर खूण करून ठेवा. आत्याच्या फोनमध्ये एवढं असतं, तर ती वीस मिनिटांत घरी पोचली असती.

हो, बसची ताजी वेळ, बंद पडलेला रस्ता, व्हॉट्सअ‍ॅप कॉल यांना नेट लागतं, तेव्हा लहानसा पॅक घ्या, नाही कोण म्हणतंय. आणि चीनला जाणार असाल तर वेगळं बघावं लागेल. तिथे गुगल बंद, आणि सरकारी नियमाने नकाशेच मुद्दाम सरकवलेले असतात, त्यामुळे ठिपका काहीशे मीटर भलतीकडे दिसू शकतो. पण काका-काकू हॉलंडला निघालेत, चीनला नाही.

निघण्याआधी एक सराव मात्र इथेच करून घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, लोकेशन चालू ठेवायचं आणि काळारामापासून सीता गुंफेपर्यंत नकाशा बघत जायचं. पहिल्यांदा ठिपका यायला थोडा वेळ लागतो, तेव्हा बोळात नाही, उघड्यावर उभं राहायचं. रस्ता त्यांना पाठच आहे, त्यामुळे भीती वाटत नाही आणि फोन खरं बोलतोय हे पटतं. आज दुपारी काकूंना घेऊन हेच केलं. येताना त्याच पुढे, मी मागे!

आता आत्याचं परत जायचं चाललंय. "मी घरीच बसेन गं," म्हणते. मी ऐकणार नाहीये. रविवारी तिचा फोन घेऊन बसणार आहे. गंगापूर रोडच्या बाजूला कोणाचे आई-बाबा निघत असतील तर त्यांनाही पाठवा, फोन चार्ज करून आणि पासवर्ड लक्षात ठेवून. चहा माझ्याकडे.