एका ओळीत हजार फोटो? हळदीच्या फोटोंवर चालवून बघा

‘लाइटरूमचे पैसे कशाला भरता? इमेजमॅजिकची एक ओळ चालवा, लग्नाचे हजार फोटो दहा मिनिटांत एडिट!’ हा सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. लाइटरूम हे फोटो एडिटिंगचं विकतचं सॉफ्टवेअर; इमेजमॅजिक हे कमांड टाइप करून चालवायचं फुकट साधन. ओळ चालते, पण तिला एडिटिंग म्हणू नका.

‘ऑटो-लेव्हलने उजेड आपोआप जमतो.’ ऑटो-लेव्हल प्रत्येक फोटोतला सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ बिंदू शोधून मधली पट्टी ताणतं. मंडपातला पेटलेला दिवा चौकटीत असला, की उजळ टोक आधीच गाठलेलं असतं आणि फोटो जवळपास तसाच राहतो. पुढच्या फोटोत दिवा बाहेर गेला, की तोच नवरदेव एकदम उजळतो. अल्बमच्या एकाच पानावर हे दोन लावून बघा. व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवण्याचं, तर विचारूच नका. साधी ऑटो पद्धत चित्राची सरासरी करडी यावी असं धरून चालते. हळदीत अख्खी चौकट पिवळी, म्हणून ती निळा वाढवते; हळद फिकी पडते, पांढरे सदरे निळसर होतात.

‘सॉफ्टवेअरमध्ये एकेक फोटो करावा लागतो.’ साफ चूक. लाइटरूममध्ये एका उजेडातले फोटो निवडा, एक नीट करा, सिंक दाबा; तेच बदल बाकीच्यांना लागतात. फोटोशॉपमध्येही अ‍ॅक्शन, म्हणजे नोंदवून ठेवून पुन्हा चालवायच्या पायऱ्या, आहेतच. पैशांचीच अडचण असेल तर लाइटरूमसारखंच डार्कटेबल फुकट आहे.

‘स्क्रिप्ट चुकत नाही.’ स्क्रिप्ट म्हणजे हीच कमांडची ओळ; ती चुकते, आणि हजारही फोटोंवर तीच चूक करते. इमेजमॅजिकची ‘मॉग्रिफाय’ कमांड मूळ फाइलवरच लिहिते. आधी रिकामं फोल्डर बनवा आणि ‘पाथ’ पर्यायात त्याचं नाव द्या. साइज कमी करायला ‘स्ट्रिप’ (फाइलमधली जादा माहिती काढणारा पर्याय) लावलं की फोटोची दिशा सांगणारी नोंद उडते आणि उभे फोटो आडवे होतात. म्हणून त्याआधी फोटो खरोखरच फिरवून ठेवणारं ‘ऑटो-ओरिएंट’ लावा. स्ट्रिप कलर प्रोफाइल, म्हणजे रंग कसे वाचायचे ते सांगणारी नोंदही काढतं. अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीत काढलेले फोटो मग मळकट दिसतात, तेव्हा ते आधी एसआरजीबी या नेहमीच्या पद्धतीत बदलून घ्या. साइज ठरवणाऱ्या ‘२०४८x२०४८>’ मधलं शेवटचं चिन्ह लहान फोटो ताणू देत नाही, पण अवतरणात नसेल तर शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) त्याचा भलताच अर्थ लावतो.

रंग-उजेड डोळ्यांनी ठरवून झाल्यावर मात्र व्हॉट्सअ‍ॅपसाठी साइज, वॉटरमार्क आणि नावं बदलणं खुशाल स्क्रिप्टवर सोडा. जेपेगची क्वालिटी ८५ ठेवा, आणि पहिल्यांदा पाचच फोटोंवर चालवा. त्यात एक उभा हवाच.