‘व्हेंटिलेटर लावला की माणूस गेलाच’ म्हणे!

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय: व्हेंटिलेटरवरचे १०० पैकी ८८ जण जातात, मशीनच फुप्फुसं फाडतं, बिलासाठी लावतात, सही करू नका.

आधी ते ८८ बघू. आकडा हवेतला नाहीये, पण अर्धवट उचललाय. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्क भागातल्या ५७०० कोविड पेशंटचा अभ्यास आला, त्यात व्हेंटिलेटरवर ११५१ जण, पैकी २८२ गेले, ३८ बरे होऊन घरी गेले आणि तब्बल ८३१ अजून ॲडमिटच होते. आता या ८३१ लोकांना हिशेबातूनच काढून टाका, ३२० मधले २८२, झाले ८८ टक्के! नंतर दुरुस्ती छापली, सगळे धरून २४.५ टक्के. अर्थात तोही शेवटचा आकडा नव्हता, बाकीच्यांचं काय व्हायचं ते व्हायचंच होतं. पण दुरुस्ती कोण फॉरवर्ड करतंय.

धोका नाही असं कुणीच म्हणत नाहीये हां. व्हेंटिलेटर लागतो त्यातलं एक मोठं कारण एआरडीएस, म्हणजे फुप्फुसं अचानक निकामी होणं; त्यात फुप्फुसाच्या पिशव्यांत पाणी भरतं नि ऑक्सिजन रक्तात जाईनासा होतो. २०१६ मध्ये ५० देशांतल्या आयसीयूंचा अभ्यास आला, त्यात सगळ्यात सिव्हिअर गटातले ४६ टक्के गेले. म्हणजे निम्म्याहून जास्त वाचलेसुद्धा.

‘मशीन फुप्फुस फाडतं’ यात मात्र तथ्य आहे, मशीन कसं चालवलं यावर सगळं आहे. २००० साली अमेरिकेत ८६१ पेशंटवर तपासलं, मोठे श्वास दिले तर जवळजवळ ४० टक्के गेले, छोटे दिले तर ३१. आणि हा श्वास ठरतो उंचीवरून. १६० सेमीचा पुरुष असेल तर वजन ५७ किलोच धरायचं, मग काट्यावर तो ९० भरला तरी, कारण पोट सुटलं म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. किलोला ६ मिली, म्हणजे एका श्वासाला साधारण ३४० मिली, बस.

दुसरं म्हणजे पालथं झोपवणं. २०१३ च्या अभ्यासात, मुख्यतः फ्रान्समधल्या आयसीयूंत, सिव्हिअर पेशंटना रोज १६ तासांच्या आसपास पालथं ठेवलं तर २८ दिवसांतले मृत्यू ३३ वरून १६ टक्क्यांवर आले. औषध नाही, महागडं मशीन नाही, फक्त माणसं लागतात, एकाने डोक्याशी ट्यूब धरायची आणि बाकीच्यांनी मिळून वळवायचं. रात्रपाळीला स्टाफच नसेल तर कोण वळवणार?

बाकी वय, मुळात कशामुळे झालं, किडनी-लिव्हर साथ देतायत का, आधीचा कॅन्सर वगैरे, हेही आहेच. बरेच जण ऑक्सिजन कमी पडून जात नाहीत, सेप्सिसने (संसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादाने) एकेक अवयव बंद पडून जातात, मग नाव मशीनचं होतं.

बिलाचं म्हणाल तर उगाच लावणारे नसतीलच असं मी छातीठोक सांगणार नाही. म्हणून सही अडवण्यापेक्षा विचारा: ब्लड गॅसचा (रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडच्या तपासणीचा) रिपोर्ट काय आला, श्वास किती मिलीचा देताय, पालथं केलं का, नसेल तर का नाही. आजार शेवटच्या टप्प्यात असेल नि पेशंटलाच नको असेल तर नाही म्हणा की, पण ते डॉक्टरांसमोर बसून ठरवा.