मधले काका

गेल्या रविवारी मला कळलं, की एका एजंटाच्या मोबाइलमध्ये माझा नंबर कोणत्या नावाने सेव्ह आहे. ते नाव इतक्यात सांगत नाही. आज बुधवार, तरी घशाखाली उतरलेलं नाही. त्याआधी एवढं सांगतो, की आम्ही नवराबायको आठ महिन्यांपासून छत्रपती संभाजीनगरात टू बीएचके शोधतोय आणि आमचं बजेट ३८ लाख आहे. हा आकडा ऐकला की एजंटांच्या चेहऱ्यावर जे भाव येतात, ते मी आधी एकदाच पाहिले होते. दहावीचं माझं गुणपत्रक हातात धरलेल्या वडिलांच्या चेहऱ्यावर.

घर पुढे बघू, आधी एजंट पारखून घ्यावा, असं माझं मत होतं. आठ महिन्यांपूर्वी मला मतं होती. मी वही केली. किती वर्षं धंद्यात आहात, कमिशन किती, बोलणी कोणाच्या बाजूने करणार, असे प्रश्न काढले. सगळ्यात वर लिहिलं, महारेराचा, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक. २०१६चा रेरा कायदा आपल्याकडे मे २०१७पासून पुरता लागू झाला. तेव्हापासून नोंदणी झालेल्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटालाही स्वतःची नोंदणी करावी लागते. त्याला ‘ए’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो, आणि आता तर प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. हा सगळा अभ्यास करून मी पहिल्या एजंटापुढे बसलो आणि जरा घसा साफ करून म्हणालो, "तुमचा रेराचा नंबर द्या."

"हाच की सर. व्हॉट्सॲपबी याच्यावरच हाय."

वाईट याचं वाटलं, की तो चुकला नव्हता. एकाचा जुना फ्लॅट दुसऱ्याने घ्यायचा, तर तिथे एजंटाला ही नोंदणी लागत नाही, आणि ३८ लाखांत मला जुनाच मिळणार, हे त्याने माझ्या चपलांकडे बघूनच ओळखलं असणार. वहीच्या उरलेल्या पानांवर मुलीने गणितं सोडवली.

एजंटांच्या त्या परीक्षेत ‘टच’ या शब्दावर मात्र एक दहा मार्कांचा प्रश्न पाहिजे. आपल्या शहरात प्रत्येक घर कशाला ना कशाला टच असतं. बायपास टच, जालना रोड टच, समृद्धी टच. आम्ही पाहिलेलं एक बायपास टच रो हाऊस बायपासपासून अडीच किलोमीटर आत होतं. शेवटचा अर्धा किलोमीटर ज्वारीच्या बांधावरून. मी विचारलं, टच कुठंय? तर एजंट म्हणाला, "सर, गच्चीवरून गाड्या दिसतात की."

आणि एजंट निवडायचा म्हणजे तरी काय? या शहरात एजंट नसलेला माणूस सापडणं अवघड आहे. इस्त्रीवाल्याकडे शर्ट टाकताना मी बायकोला नुसतं "हॉल लहान होता गं" म्हणालो, तर इस्त्री उभी करून त्याने तीन फ्लॅट आणि सातारा-देवळाईकडचा एक गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला, प्लॉट सांगितला. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे मला त्याच्याकडून कळलं. शाळेत शिकवलं असेल, पण इस्त्रीवाल्याने जास्त जीव लावून शिकवलं. "कागद?" म्हटलं, तर म्हणाला, "सध्या बाँड पेपरवर हाय. होतंय नंतर." शर्टाची बाही तेवढ्यात जळली.

आत्ताचा एजंट मी कसा निवडला, तर त्याने विचारलं, "सर, गाव कोणतं?" मी म्हणालो, "परभणी." तो जागचा उठलाच. "आपलेच की मग! माझी मावशी जिंतूरला दिलीय." झाली निवड. एवढी वही करून शेवटी मी मावशीवर गेलो. पुढे लक्षात आलं, की शहरातल्या प्रत्येक एजंटाची एक मावशी परभणी जिल्ह्यात दिलेली आहे. शेजारचे जालन्याचे. त्यांना भेटलेल्या एजंटांच्या सगळ्या मावश्या जालन्यात.

तर रविवार.

सकाळी दहाला एजंट गाडी घेऊन आला. पुढच्या मानाच्या सीटवर साठीचा एक गृहस्थ बसलेला. पांढरा पायजमा-सदरा, खांद्यावर दस्ती, मांडीवर चंची. आम्ही मागे बसलो. मला वाटलं, फ्लॅटचे मालक. बायकोला वाटलं, एजंटाचे वडील. एजंटाने ओळख करून दिली ती एवढीच, "हे काका."

फ्लॅट सातारा परिसरात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, "फक्त चालू करायची" होती. काका आमच्या आधी वर पोचले आणि रिकाम्या हॉलमधल्या एकुलत्या एक प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. चंची उघडली, अडकित्ता काढला आणि खांड कातरायला घेतलं. त्या मोकळ्या हॉलमध्ये अडकित्त्याचा आवाज असा घुमायचा, की प्रत्येक कटकनला बायको दचकून छताकडे बघायची.

बेडरूमच्या भिंतीला खालून दोन फूट ओल होती. मी बोटाने दाबलं, तर पोपडा निघून हातात आला. काय करावं न कळून मी तो खिशात ठेवला. हॉलमधून आवाज आला, "जमंल."

"साडेनऊशे स्क्वेअर फूट" असलेला फ्लॅट बायकोने पर्समधला टेप काढून मोजला. आतून ६४० भरला. एजंट म्हणाला, "मॅडम, जिना, पॅसेज, भिंती सगळं धरून हाय ते." बायको म्हणाली, "जिन्यात झोपायचं का आम्ही?" कटकन. "जमंल."

तिने स्वयंपाकघरातला नळ सोडला. नळाने एक सुस्कारा टाकला. "आज पाण्याचा दिवस नाही मॅडम," एजंट म्हणाला. पुढे बोलणंच खुंटलं. पैठणला नाथसागर जलाशय आणि इथे काही दिवसांनी एकदा पाणी, अशा शहरात कोरड्या नळावरून कोणी कोणाला खोटं पाडायचं? आठ महिन्यांत आम्ही पाहिलेल्या एकाही घरात पाण्याचा दिवस नव्हता. यांच्याकडे वॉर्डवार वेळापत्रक असणार आणि ते बघूनच हे पार्टी आणत असणार, असा मला दाट संशय आहे.

शेवटी मी खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो. "काका, मालक तुम्हीच का?"

"न्हाई."

"मग मालकांचे कोण?"

"कोनीच न्हाई."

"मग तुम्ही?"

त्यांनी सुपारी तोंडात टाकली. घाई अजिबात नव्हती. "मी मधला."

"कशाच्या मधला?"

"ह्याच्या आन् त्याच्या." अडकित्त्याने त्यांनी एजंट दाखवला. ‘तो’ तिथे नव्हता, म्हणून दाराकडे दाखवलं.

"तो म्हणजे मालक?"

"न्हाई हो. मालकाच्या मेव्हन्याच्या वळखीचा एक हाय वाळूजला. त्यो मालकाच्या मधला. मी त्याच्या मधला."

"म्हणजे मालक तुम्हाला ओळखत नाहीत?"

"कामून वळखंल? म्याच त्याला बगितला न्हाई."

मी एजंटाकडे वळलो. तो खिडकीतून डोंगर दाखवू लागला.

खोदून विचारल्यावर हिशेब निघाला तो असा. कमिशन माझ्याकडून दोन टक्के, मालकाकडूनही दोन. माझ्या दोनातला अर्धा काकांचा. ३८ लाखांचे दोन टक्के म्हणजे ७६ हजार. परभणीचं घर वडिलांनी बांधलं, तेव्हा अख्ख्या घराला एवढे लागले नव्हते. बरं, कष्टाचे पैसे द्यायला माझी ना नाही. पण दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस भाव करताना भांडणार कोणाच्या बाजूने? मी ३८ म्हणतो, मालक ४८ म्हणतो, आणि भाव जितका वर जाईल तितका याचा टक्का फुगणार. ही गोष्ट मी त्याला विचारली, तर त्याने दुखावलेल्या आवाजात जिंतूरच्या मावशीची शपथ घेतली.

मग विषय बदलायला म्हणाला, "मॅडमच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट हाय सर." हे मात्र खरं आहे, बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात ती सवलत आहे. ही ताबडतोब म्हणाली, "माझ्याच नावावर घेऊ." म्हणजे न घेतलेल्या घरातूनही मी बाहेर.

परतताना चहाला थांबलो. चार चहा, काकांना एक प्लेट भजी आणि आणखी एक प्लेट भजी. पैसे मी दिले. गाडीत बसलो, तर एजंटाचा मोबाइल सापडेना. खिसे झाले, डॅशबोर्ड झाला. "सर, जरा रिंग मारा की."

मी मारली.

काकांच्या मांडीखालून ‘माउली माउली’ सुरू झालं. काकांनी मोबाइल ओढून काढला, पण एजंटाला दिला नाही. चष्मा नव्हता. हात लांब केला, मान मागे घेतली आणि पत्रिका वाचावी तसं एकेक अक्षर मोठ्याने लावत गेले.

"टा… इ… म… पा… स." थोडं थांबले. "अडतीस."

गाडीत नुसता हरिपाठ चालू होता.

"ह्यो कोन हाय?" काकांनी विचारलं. "घिऊ का?"

एजंट स्टिअरिंगला म्हणाला, "काका, ते दुसरे सर हायेत."

काकांनी तोवर हिरवं बटण दाबलं. "हॅलो," ते म्हणाले. माझ्या एका कानात पुढच्या सीटवरून हॅलो आलं आणि दुसऱ्या कानात मोबाइलमधून. आणि मी, काय सांगू, सवयीने म्हणालो, "हॅलो."

संग्रामनगरच्या पुलापासून शहानूरमियाँ दर्ग्यापर्यंत बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मी हसलो नाही. टाइमपास मी? ३८ सांगितल्यावर ४८ची घरं कोण दाखवतं? कोरडे नळ, बंद लिफ्ट आणि बांधावरचे टच दाखवायला माझे आठ महिन्यांचे रविवार कोणी खाल्ले? चौतीस-पस्तीस रविवार होतात ते. मुलीचं स्नेहसंमेलन बुडालं त्यात. आणि हा मला टाइमपास म्हणतो, तेही वर किमतीची चिठ्ठी लावून. हे सगळं मी त्याला तोंडावर म्हणायला पाहिजे होतं. प्रत्यक्षात मी म्हणालो, "तसं, आम्ही ४२पर्यंत जाऊ शकतो."

बायकोचं हसू जागच्या जागी थांबलं. वरचे चार कुठून आणणार, हे तिने घरी आल्यावर विचारलं, काल विचारलं आणि आज डबा भरतानाही विचारलं.

काल रात्री एजंटाचा फोन आला. मी उचलला, तर आवाज काकांचा. "त्यो गाडी लावाय गेलाय. मालक शेहेचाळीसवर आलाय बगा. बैठक लावायची का?"

"काका," मी म्हणालो, "एक काम करा. मोबाइल कानापासून लांब धरा. माझं नाव काय दिसतंय, तेवढं वाचून सांगा."

बराच वेळ काहीच आलं नाही. मग लांबून, एकेक अक्षर जुळवत, काकांचा आवाज आला.

"टा… इ… म… पा… स."

आणि जरा दम खाऊन, "बेचाळीस."